हरेश्वर बेलिफाच्या घरची पाकिटं

आवडाबाई माजघरात तांदूळ निवडत होती आणि बाहेर ओटीवर दोघे भाऊ भांडत होते. छत्तीस वर्षं झाली त्याला. मधे कुडाची भिंत, तिला शेणामातीचा गिलावा. शब्द तर येतच, पण कोणी नुसता सुस्कारा टाकला तरी आत कळे.

“पाकीट कोनी परत केलं, तेवढं सांग,” हरेश्वर म्हणत होता. तो धाकटा. बावीस वर्षांचा, नुकता बी.ए. झालेला.

“मी केलं,” अंबाजी म्हणाला. तो थोरला, आवडाबाईचा नवरा.

“तू त्या दिवशी पालीला बैल बघायला गेला हुतास.”

“मंग परत येऊन केलं.”

“तंवर पोस्टमन दारात उभा हुता?”

“व्हय, उभा हुता! आन् तुला वकील होऊन करायचंय काय? काळा डगला घालून भाऊबंदांना कोर्टात खेचनार? एक दावा चाललाय तो पुरं न्हाय?”

आवडाबाईच्या सुपातले खडे बाजूला व्हायचे ते तांदळातच परत पडत होते. कारण पाकीट अंबाजीनं परत केलंच नव्हतं. ते तिनं केलं होतं.

तेव्हा बांधावरून भाऊबंदांशी दावा चालू होता. तपकिरी पाकीट म्हणजे कोर्टाचं, आणि ते हातात घेतलं की दावा अंगाला चिकटला, न घेता परत पाठवलं की तिथल्या तिथे विरला, असं साऱ्या गावाचं पक्कं मत. अंबाजीनं तिला बजावून ठेवलं होतं, “मी नसताना रजिस्टर आलं तर हात लावायचा न्हाय.” तिची शाळा दुसरीपर्यंत. पाकिटावर सगळं इंग्रजी. पोस्टमन म्हणाला, “हरेश्वरच्या नावाचं हाय, घ्या.” ती म्हणाली, “नको.” त्यानं दोनदा विचारलं, तिनं दोनदा नको म्हटलं. पोस्टमननं काहीतरी खरडलं आणि सायकल वळवली. मुंबईच्या लॉ कॉलेजात हरेश्वरला जागा मिळाल्याचं ते पत्र होतं. फी भरायची मुदत त्यातच लिहिलेली होती आणि ती निघून गेली.

हरेश्वर दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी ती ताट घेऊन ओटीवर गेली, तर मुकाट जेवला आणि म्हणाला, “वयनी, आमटीत मीठ कमी हाय.” झालं एवढंच. ती लग्न होऊन या घरात आली तेव्हा हा दहा वर्षांचा होता, शेंबूड पुसायलाही तीच. आता सांगू, उद्या सांगू करत तिनं ते बोलणं पोटातच ठेवलं. अंबाजीनं स्वतःच्या अंगावर घेतलं होतं, मग तोही बारा वर्षांपूर्वी गेला आणि सांगायला तर आणखीच तोंड उरलं नाही.

हरेश्वर त्याच वर्षी माणगावच्या कोर्टात शिपाई लागला आणि पुढे बेलिफ झाला. बेलिफ म्हणजे कोर्टाची समन्सं आणि नोटिसा घरोघर पोचवणारा माणूस. ज्या कागदाला सारा मुलूख घाबरतो तोच खांद्यावरच्या पिशवीत घालून हिंडायचं. लोक त्याला लांबून ओळखत. कोणी आतून कडी लावी, कुठे “मालक मुंबईला गेलं” असं खुद्द मालकच सांगे. एका घरी तर कुत्रं सोडलं. त्या कुत्र्याच्या दाताची खूण अजून पोटरीवर आहे. बेलिफांना कामं वाटून देणाऱ्या नाझरसाहेबांनी विचारलं तेव्हा त्यानं अहवालात लिहिलं, “प्रतिवादीचे घरी कुत्रा हजर होता.”

त्याची कामाची रीत ठरलेली. दारात उभं राहून नाव तीनदा घ्यायचं, मधे दम घेऊन. माणूस नसलं तर घरातल्या मोठ्या माणसाला नातं विचारायचं. कागद इंग्रजीत असला तर वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं मराठीत दोन ओळी लिहून द्यायच्या, म्हणजे वाचून घ्यायला कोणाच्या पायऱ्या झिजवायला नकोत. कागद पोचेपर्यंत त्या घरचं पाणी घ्यायचं नाही. पाणी घेतलं की आपण पाहुणे, आणि पाहुण्यानं समन्स कसं द्यायचं? पण एकदा सही झाली की स्वतःहून मागायचं. आत्ता शिव्या देणारं माणूस मग तांब्या-भांडं घेऊन येई. आणि प्रत्येक दारात एकच वाक्य, “कागद घ्या. घेतला म्हंजे हरलात असं न्हाय.”

घरी जेवताना तो दिवसाच्या गमती सांगे आणि त्यात हे वाक्य हमखास येई. आवडाबाई त्याच वेळी कसल्या तरी निमित्तानं चुलीकडे वळे.

त्याची बायको कमळ लग्नानंतर सातव्या वर्षी गेली, पोर नव्हतं. दुसरं लग्न त्यानं केलं नाही. अंबाजीचा मुलगा अल्पेश आणि त्याची मुलगी कल्पिता, हेच त्याचं गोकुळ; कल्पिता त्याला आबा म्हणते. अल्पेश रोह्याच्या कंपनीत शिफ्टवर जातो. कल्पिताला लहानपणी शाळेत विचारलं, कोण होणार, तर म्हणाली, “आबा ज्यांची पत्रं पोचवतात ते.” बाईंना वाटलं पोस्टाबद्दल बोलतेय.

ती कल्पिता यंदा बारावी झाली आणि वकिलीच्या पाच वर्षांच्या कोर्ससाठी परीक्षा दिली. मार्क बरे पडले. कुठलं कॉलेज कितव्या नंबरचं ते बघायला तिनं कुठल्याशा साइटवर नाव, गाव, फोन सगळं भरलं, आणि तिथून या घराला पाकिटांची लागण झाली.

गुळगुळीत, जाड, रंगीत पाकिटं. आत काचेच्या इमारती, हिरवळ, त्यावर हसत बसलेल्या मुली. आवडाबाईला ते फोटो बघून एकच प्रश्न पडे, ह्या अभ्यास कधी करतात? पहिल्या आठवड्यात तीन आली, दुसऱ्यात आठ. आणि ती वाढण्यात मोठा हात हरेश्वरचा. प्रत्येक पाकिटात एक उलटटपाली कार्ड असे, तिकीट लावलेलं. जन्मभर लोकांच्या सह्या घेणारा माणूस, पोचपावती समोर आली आणि सही न करता राहिला असं कसं व्हावं? त्यानं प्रत्येक कार्डावर ‘कागद मिळाला’ लिहून, खाली सही, तारीख, वेळ घालून पेटीत टाकलं. कॉलेजवाल्यांना वाटलं मासा गळाला लागला. मग फोन सुरू झाले.

“सर, कल्पिता मॅमची सीट आम्ही होल्ड केलीये.”

“कोनी सांगितलं होल्ड करायला?”

“सर, तुमचं कार्ड आलंय ना.”

“ती पावती हाय. पावती म्हंजे कबुली न्हाय, बाई. उद्या वकील तयार करनार तुम्ही, आन् एवढं ठाऊक न्हाय?”

फोन ठेवला की दुसरा वाजे. ऑगस्टअखेर हरेश्वर निवृत्त व्हायचा होता. त्याचे गुडघे गेलेले, डोळ्यांसमोर तिन्हीसांजेला माश्या तरंगत. तरी रविवारी जेवून तो पाकिटांतली सगळी माहितीपुस्तकं खाटेवर मांडून बसे, चष्मा नाकाच्या शेंड्यावर. एक देशात सातवं. एक पश्चिम भारतात दुसरं. एक ‘उगवत्या’ कॉलेजांत पहिलं. एक कुठल्याशा मासिकाच्या यादीत चौथं, पण ते मासिक माणगावात कोणी बघितलेलं नव्हतं.

“वयनी, सगळीच पयल्या धात हायत,” तो म्हणाला. “अकरावं कोन, ते कोनीच सांगंना.”

“जे पाकीट पाठवत न्हाय, ते आसंल,” आवडाबाई म्हणाली.

तो हसला, पण ते बोलणं त्यानं मनात धरलं. जिल्ह्यातलं एक जुनं कॉलेज होतं, कौलारू, त्याचं एकही पाकीट आलं नव्हतं. कोर्टात त्यानं वकिलांना विचारायला सुरुवात केली, कुठे शिकलात? विचारून दुपारी वडाखाली बसून मनाशी हिशेब घाली, कोण तारखेला वेळेवर येतो, कोण पक्षकाराला उन्हात उभं करून आत चहा पितो, कोणाचा अर्ज वाचून न्यायाधीश मान वर करतात. रचना वकीलबाई त्याच कौलारू कॉलेजच्या. त्यांना विचारलं, तर त्या फायलीतून डोकं न काढता म्हणाल्या, “भाऊ, खरं सांगू? पहिली तीन वर्षं मी सीनियरच्या बॅगा उचलल्या. बसभाडं सुटलं तरी आई पेढे वाटायची. कॉलेज कुठलंही असो, हे कोणाला चुकत नाही. फक्त आमच्या कॉलेजानं ते आधी सांगितलं होतं.”

घरात मात्र वारं दुसरीकडे होतं. कल्पिताला आवडलं होतं महामार्गापलीकडचं काचेचं कॉलेज. तिथे मोठमोठ्या कंपन्या नोकऱ्या द्यायला येतात, गेल्या साली एकाला अठरा लाखांचं पॅकेज मिळालं, असं पुस्तकात ठळक छापलेलं. अल्पेशही म्हणाला, “काका, पोरगी हुशार हाय, कर्ज काढू. तुमच्यासारखं उन्हात हिंडायला नको.” पुढच्या सोमवारपर्यंत जागा पक्की करा, नाहीतर गेली, असा त्यांचा फोन आला होता. सरकारी प्रवेशयादीसाठी कॉलेजांची पसंती भरायचा अर्जही त्याच दिवशी बंद होणार होता, आणि कौलारू कॉलेज त्याच यादीत होतं. दोन्ही दारं एकदम.

हरेश्वरला शनिवारी सुट्टी होती, सकाळच्या एसटीनं निघाला आणि संध्याकाळी धुळीनं माखून परत आला. बेलिफ कुठल्याही पत्त्याची खातरजमा करतो तशी त्यानं काचेच्या कॉलेजची केली होती. दोन पंचांसमक्ष. एक पंच फाटकावरचा चहावाला, दुसरा झेरॉक्सवाला.

रविवारी दुपारी सगळे जेवून ओटीवर बसले तेव्हा त्यानं खिशातून कागद काढून वाचून दाखवला, अगदी अहवालासारखा. “इमारत आढळून आली. फोटोतली हिरवळ आढळून आली, पण ‘आत जाऊ नये’ अशी पाटी. पुस्तकात कोर्टाची खोली हाय, मुलं जिथं खोटा खटला चालवून शिकतात. ती कुलूपबंद. चावी रखवालदाराकडं. इचारलं कधी उघडते, तर म्हनाला, पालक बघायला येतात तेव्हा. अठरा लाखवाला मुलगा चहावाल्यानं वळखला. तो बापाच्याच कंपनीत लागला. बाकीची मुलं कुठं लागली, तर झेरॉक्सवाला म्हनाला, काका, ती अजून माझ्याकडं अर्जाच्या प्रती काढायला येतात.”

नूतन, कल्पिताची आई, तोंडाला पदर लावून हसली. कल्पिता हसली नाही. तिचे डोळे भरून आले.

“म्हणजे मी तिकडे जायचंच नाही, असं ठरलं ना?”

“मी ठरवलं न्हाय. बघून आलो, ते सांगितलं.”

“चहावाल्याला विचारून कोणी कॉलेज ठरवतं का, आबा? तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या दारात उभे राहिलात. वकील व्हायला निघाला होतात, झालात बेलिफ. आता मीही इथल्याच कोर्टाच्या वडाखाली बसायचं?”

“कल्पिता!” अल्पेश ओरडला.

“ओरडू नकोस,” हरेश्वर म्हणाला. “खरं बोलली ती.” त्यानं कागदाची घडी घातली, एकदा, दोनदा, इवलीशी होईपर्यंत, आणि उठून मागच्या पडवीत गेला.

आवडाबाई माजघरातच होती. घर आता विटांचं आहे, पण ऐकू यायचं ते येतंच. तिच्या हातात सूप नव्हतं एवढाच फरक. ती उठली. गुडघ्यावर हात ठेवून उठायला तिला जेवढा वेळ लागला, तेवढ्यात तिचं ठरलं.

हरेश्वर पडवीच्या खांबाला टेकून पायाच्या भेगांना तेल लावत होता.

“भावजी, तुमाला येक सांगायचं हाय.”

“मीठ कमी न्हवतं आज.”

“थट्टा नको. ते पाकीट… कॉलेजचं. तुमच्या दादांनी परत केलं न्हवतं. मी केलं. पोस्टमननं दोनदा इचारलं, मी दोनदा नको म्हनाले.”

हरेश्वरनं तेलाची वाटी खाली ठेवली. “ठाऊक हाय, वयनी.”

“काय ठाऊक हाय?”

“मी गेलो हुतो ना मुंबईला चौकशीला. कारकुनानं परत आलेलं पाकीट समोर टाकलं. त्यावर पोस्टमनचा शेरा. ‘घरातील बाईने घेण्यास नकार दिला.’ भांडायच्या आधीच वाचला हुता मी.”

“मंग दादांशी का भांडलात?”

“कोनावर तरी ओरडायचं हुतं.” तो थकल्यासारखा हसला. “तुमच्यावर ओरडून जेवायला कोनी घातलं आसतं? आन् दादा मी मी करत हुता. म्हटलं, घेऊ दे अंगावर. नवरा हाय, तेवढं तरी बायकोच्या कामी यावं.”

आवडाबाई तिथेच पायरीवर बसली. छत्तीस वर्षं उचलून धरलेलं ओझं खाली ठेवावं, तर ते कधीचंच कोणीतरी उतरवून नेलेलं. हायसं वाटायच्या ऐवजी तिला नुसता थकवा आला. थोडा रागही आला. निदान सांगायचं तरी!

“मला दोष द्यायचा हुतात,” ती म्हणाली.

“देऊन काय? तुमी घाबरला हुतात. अख्खा तालुका घाबरतो. मी काय करतो इतकी वर्षं? एकेका दारात जाऊन तेच सांगतो, कागद घ्या.”

दाराशी पाऊल वाजलं. कल्पिता उभी होती, केव्हापासून कोण जाणे. तिनं आबानं खाली ठेवलेली वाटी घेतली, खाली बसली आणि त्याच्या पायाला तेल लावू लागली. थोड्या वेळानं म्हणाली, “उद्या मला कोर्टात न्याल? नुसतं बसायला.”

“नेईन की. पन सोमवार हाय, दोन्ही मुदती उद्याच.”

“माहितेय.”

सोमवारी ती दिवसभर माणगावच्या कोर्टात बसली. रचनाबाईंच्या मागच्या बाकावर. आबाचं नाझरकडचं टेबल पाहिलं, बजावणी झालेल्या कागदांची चवड पाहिली. एक म्हातारा आबाला ओळखून म्हणाला, “यांनीच समन्स दिलं, म्हनून मी हजर झालो, न्हायतर माझी जमीन एकतर्फी गेली आसती.” संध्याकाळी परत आली तेव्हा आवडाबाईनं विचारलं, “काय बघितलंस?” कल्पिता म्हणाली, “बघितलं की सगळे दमलेले असतात, आजी. वकीलसुद्धा.” फोन बाजूला घेऊन तिनं पसंतीचा अर्ज भरला. त्यात काय भरलं ते बापालाही दाखवलं नाही. काचेच्या कॉलेजचा फोन आला तेव्हा उचलला की नाही, तेही कोणाला कळलं नाही. हरेश्वरनं विचारलं नाही. आवडाबाईनं दोनदा तोंड उघडलं, तर त्यानं डोळ्यानंच दटावलं. “बजावनी झाली, वयनी. हजर कुठं व्हायचं, ते तिचं ती ठरवंल.”

यादी लागायची तारीख निघाली, तो नेमका हरेश्वरच्या नोकरीचा शेवटचा दिवस. गावातला टॉवर आठवडाभर बंद पडलेला, रेंज नाही. अल्पेश कंपनीतून आबाच्या मोबाईलवर कागद पाठवणार आणि आबा माणगावात त्याची छापील प्रत काढून आणणार, असं ठरलं. कल्पिताला घरात बसवेना, ती आईबरोबर बेणणीला, भातातलं तण काढायला, शेतात गेली. आवडाबाई एकटी. दारातून रस्ता बघायचा नाही असं तिनं ठरवलं, आणि सकाळपासून अंगण तीनदा झाडलं.

कोर्टात शाल-नारळ झाला. नाझरसाहेब म्हणाले, आज तरी बसा. तरी हरेश्वरनं शिल्लक राहिलेलं एक समन्स पिशवीत टाकलंच. नदीपलीकडच्या वाडीतलं. तिथे जाऊन, नाव तीनदा घेऊन, सही घेऊन, पाणी पिऊन तो परतीच्या एसटीनं उतरला. शाल पिशवीत कोंबलेली, नारळ हातात.

अंगणात आला, पण पायरी चढला नाही. आवडाबाई दारात आली तर तो उन्हात उभा, पिशवी पुढे घेतलेली.

“कल्पिता अल्पेश शिगवण!” त्यानं नाव घेतलं. दम घेतला. परत घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं.

“अहो, शेतात गेली ती. वर या की.”

“घरात मोठं मानूस कोन हाय?”

आवडाबाईनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. तो हसत नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला. “मी हाय.”

“नातं?”

“आजी.”

त्यानं कागद पुढे केला. “कागद घ्या. घेतला म्हंजे हरलात असं न्हाय.”

तिचा हात ओला होता. तिनं तो पदराला पुसला, दोन्ही बाजूंनी, आणि कागद घेतला. सगळं इंग्रजी. पण वरच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं दोन ओळी होत्या, तिच्यासाठी मोठ्या अक्षरात. ती एकेक अक्षर जोडत वाचत गेली. जिल्ह्याचं जुनं कॉलेज. जागा मिळाली. पसंती क्रमांक एक.

“क्रमांक एक तिनं सोताच लिवला?”

“दुसरं कोन लिवनार?” हरेश्वरनं वही उघडून पेन पुढे केलं. “हितं सही.”

तिनं सही केली. आवडा लिहिलं, बाई लिहायला जागा पुरली नाही. त्यानं घड्याळात बघून वेळ टाकली, वही मिटली, पिशवीत ठेवली. मग पायरीवर टेकला, चपला काढल्या आणि रोज दुसऱ्यांच्या दारात मागायचा तसंच मागितलं.

“पानी द्या, वयनी.”